खेळ पडद्यावर, तोल जमिनीवर

घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोकडे वळणाऱ्या गर्दीत एखादे वेळी असे दृश्य दिसते. सत्तरीचे गृहस्थ कठड्याला धरून पुलाच्या पायऱ्या बऱ्यापैकी चढून येतात. वर सपाट जागा लागते, समोर मेट्रोचे आपोआप उघडणारे फाटक येते आणि तिथे त्यांचे पाय जमिनीला खिळतात. कार्ड हातात आहे, फाटक उघडले आहे, मागून ‘चला, चला’ सुरू आहे. पण पाऊल उचलत नाही. मागच्यांना वाटते, काका गोंधळले. कुणी मदत म्हणून हात धरून पुढे ओढते. अंग पुढे जाते, पाय मागेच राहतात आणि तोल जातो.

घरी पोहोचल्यावर प्रश्न ठरलेला असतो. ‘जिना चढता येतो, मग हॉलमधून मोरीपर्यंत चालायला काय होते?’ या प्रश्नात काळजी असते, तसा थोडा संशयही असतो. बाबा मुद्दाम करतात, आळस करतात, लक्ष वेधून घेतात, असे घरातल्या कुणाला तरी वाटू लागते. कंपवाताच्या रुग्णाला आजाराइतकाच हा संशय सोसावा लागतो. त्याच्या पायांचे हे कोडे उलगडले, तर टीव्हीसमोर उभे राहून खेळायचे व्हिडिओ गेम आज उपचाराच्या खोलीत का आले आहेत, हेही समजते.

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, वैद्यकाला नवा नाही. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून त्याचे वर्णन केले. त्यांतले काही त्यांनी केवळ रस्त्यावर चालताना पाहिलेले होते. मुंबईलाही या आजाराच्या अभ्यासात स्थान आहे. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन सुमारे १४ हजार लोकांची पाहणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर लाख लोकांमागे ३२८ कंपवाताचे रुग्ण आढळले. हा आकडा मोठा दिसतो, कारण त्या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे होते. त्यातला इशारा मात्र साऱ्या शहरासाठी आहे. माणसे जसजशी जास्त जगतील, तसतसा हा आजार जास्त घरांत शिरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरीतल्या ज्या इमारतींत तीस-चाळीस वर्षांपूर्वी तरुण जोडपी राहायला आली, तिथे आज ज्येष्ठ नागरिक संघ भरलेले आहेत. कंपवाताचा प्रश्न या उपनगरांच्या दारात उभा आहे.

या आजारात मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हाताचा कंप सर्वांना दिसतो, म्हणून आजाराला नाव त्याचे मिळाले. माणसाला खरे अडवते ते हालचालीतले मंदपण, अंगाचा ताठरपणा आणि बिघडलेला तोल. निरोगी माणूस चालताना पाऊल कसे टाकायचे याचा विचार करत नाही. अंधेरीच्या फलाटावर एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, डोळे इंडिकेटरवर, आणि पाय आपले आपण चालत असतात. सवयीच्या हालचाली विनासायास चालू ठेवण्याचे काम मेंदूचा जो भाग करतो, त्यालाच डोपामिनची गरज असते. ते कमी पडले की आपोआप होणारी गोष्ट आपोआप होत नाही. चालता चालता कुणी हाक मारली, तर उत्तर देण्यासाठी पाय थांबवावे लागतात. वळताना, दारातून जाताना, घाईच्या क्षणी पाय थिजतात. मेट्रोच्या फाटकाशी अरुंद वाट, घाई आणि मागची माणसे हे सारे एकदम येते.

मग पायऱ्या का जमतात? पायरी ही डोळ्यांसमोर आखलेली खूण असते. पाऊल कुठे पडायचे हे तिने ठरवलेले असते. सवयीचा रस्ता बंद पडला तरी डोळ्यांनी पाहून, लक्ष देऊन हालचाल करण्याचा मेंदूतला दुसरा रस्ता बराचसा शाबूत असतो, आणि पायरी त्या रस्त्याने काम करते. मूळच्या पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी नेमके हेच आपल्या काकांच्या बाबतीत हेरले. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना सहज चढता-उतरता करत. सोनेजी यांनी जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र अंथरले आणि काका त्यावरून चालू लागले. २०१५ मधल्या त्यांच्या व्याख्यानामुळे ही साधी युक्ती जगभर पोहोचली. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. चार पावले टाकताना कोलमडणारा तो माणूस सायकलवर बसवल्यावर व्यवस्थित सायकल चालवत होता. क्षमता संपलेली नव्हती. ती जागी व्हायला योग्य खूण हवी होती.

आता औषधांकडे पाहू. लेव्होडोपा हे औषध १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून चालू लागली. आजही तेच मुख्य औषध आहे आणि ते वेळेवर घेण्याला पर्याय नाही. पण आजार पुढे सरकतो तसा एक फरक जाणवू लागतो. ताठरपणा आणि मंदपणा गोळीला चांगली दाद देतात. तोल आणि पायांचे थिजणे तेवढी दाद देत नाहीत. पडण्याची भीती इथून सुरू होते. एकदा पडलेला माणूस दुसऱ्यांदा पडू नये म्हणून चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की स्नायू दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांनी तो पुन्हा पडतो. खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेनंतर किती रुग्ण पूर्वीसारखे चालतात, हे कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या अस्थिव्यंग विभागात उभे राहिले की कळते.

हे चक्र तोडणारी गोष्ट आहे व्यायाम. म्हणून केसपेपरवर गोळ्यांच्या खाली ‘व्यायाम करा, चालत राहा’ अशी ओळ असते. गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे सगळे लिहिलेले असते. व्यायाम कोणता, किती वेळ, किती जोराचा, कुणाच्या देखरेखीखाली, याबद्दल मात्र कागद गप्प असतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ते सांगायला वेळ नसतो. घरी गेल्यावर आठवडाभर व्यायाम होतो, पुढे सुटतो.

सुटण्याचे कारणही आजारातच आहे. डोपामिन हे हालचालीचे रसायन आहे, तसे उमेदीचेही आहे. ते घटले की काही करावेसे वाटणेच कमी होते. वैद्यकात याला अनुत्साह म्हणून वेगळे लक्षण मानतात. ते नैराश्याबरोबर येते, तसे एकटेही येते. घरच्यांना तो आळस दिसतो. ‘सांगून सांगून थकलो, पण हे सोफ्यावरून उठत नाहीत’ ही तक्रार ज्या घरातून येते, त्या घराला हे स्पष्ट सांगायला हवे की, उठावेसे न वाटणे हे आजाराचे लक्षण आहे, स्वभावाचा दोष नाही. मग व्यायाम असा हवा की, ज्यात उमेद आतून येण्याची वाट पाहावी लागणार नाही. ती बाहेरून पुरवता येईल.

इथे खेळ उपयोगी पडतो. २००६ मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘वी’ नावाचे यंत्र बाजारात आणले. हातातली कांडी हलवली की पडद्यावरची रॅकेट हलते, अशी त्याची रचना होती. पाठोपाठ उभे राहायची एक फळी आली. तिच्यावर उभे राहून शरीराचा भार डावी-उजवीकडे टाकला की पडद्यावरचा खेळाडू तसा झुकतो. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ हा कॅमेरा आला, आणि हातात काही न धरता नुसत्या अंगाच्या हालचालीवर खेळ चालू लागला. ही यंत्रे मुलांसाठी आणि तरुणांसाठी बनवलेली होती. फिजिओथेरपिस्टांच्या लक्षात आले की, रुग्णाकडून जे करून घ्यायला त्यांना घसा कोरडा करावा लागतो, ते सगळे या खेळात आहे: मोठी पावले, लांब पोहोचणारे हात, भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकणे आणि वेळेवर थांबणे.

कंपवाताच्या दृष्टीने या खेळांत चार गोष्टी एकत्र येतात. पडद्यावरचा चेंडू किंवा अडथळा ही डोळ्यांसमोरची खूण असते, म्हणजे पायरीचे काम तो करतो. हालचाल बरोबर झाली की नाही, हे त्याच क्षणी कळते. खेळताना पाहणे, ठरवणे आणि हलणे एकदम करावे लागते. चालता चालता विचार करण्याची जी क्षमता आजाराने हिरावली, तिचाच हा सराव असतो. आणि गुण वाढत जातात, त्यामुळे ‘अजून एकदा’ म्हणावेसे वाटते. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी व्हिडिओ गेम खेळणाऱ्या निरोगी पुरुषांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा खेळताना मेंदूत डोपामिन सुटत असल्याच्या खुणा दिसल्या. यावरून खेळ हे कंपवाताचे औषध ठरत नाही. पण अनुत्साहावर खेळाची मात्रा का चालत असावी, याचा अंदाज त्यातून येतो.

पुरावा काय सांगतो, हे नीट पाहिले पाहिजे, कारण जाहिराती पुराव्याच्या पुढे धावतात. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे ३२ रुग्णांवर झालेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांनी सात आठवड्यांत १४ सत्रे ‘वी’वर तोलाचे खेळ खेळले, निम्म्यांनी तेवढीच सत्रे यंत्राविना तोलाचे व्यायाम केले. दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच सुधारले. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आठ चाचण्यांचा, २६३ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. पावलांची लांबी थोडी वाढते. चाल, तोल आणि जीवनमान यांबाबत परिणाम फिजिओथेरपीइतकाच दिसतो. पुरावा कमी दर्जाचा आणि अल्पकाळाचा आहे, असा त्याचा सावध निष्कर्ष होता.

त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी अधिक मोठी होती. पाच देशांतल्या, आधीच्या सहा महिन्यांत किमान दोनदा पडलेल्या ३०२ ज्येष्ठांना तिच्यात घेतले होते आणि त्यांतले बरेच कंपवाताचे होते. सगळे आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे ट्रेडमिलवर चालले. निम्म्यांसमोर पडदा होता. त्यावर त्यांची स्वतःची पावले दिसत, वाटेत अडथळे येत, वाट निवडावी लागे. नंतरच्या सहा महिन्यांत पडद्यासह चाललेल्यांचे पडण्याचे प्रमाण नुसते चाललेल्यांपेक्षा सुमारे ४२ टक्के कमी होते. पाय दोन्ही गटांचे सारखेच चालले होते. जास्तीचा सराव पडद्यासमोरच्या गटाच्या लक्षाचा झाला होता. तिसरी चाचणी २०१९ ची, नेदरलँड्सची. सौम्य आजाराच्या १३० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरी पडदा जोडलेली व्यायामाची सायकल दिली. आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटे, सहा महिने. ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत, औषधाचा असर उतरलेला असतानाही, सायकलवाल्यांची हालचाल चांगली टिकून राहिली. पडद्यावरच्या खेळामुळे लोक सहा महिने घरात एकटे सायकल चालवत राहिले, हेही तितकेच महत्त्वाचे.

या सगळ्यातून जे निघते ते असे. व्हिडिओ गेम कंपवात बरा करत नाही. चांगल्या फिजिओथेरपिस्टपेक्षा तो सरसही नाही. व्यायाम नेमाने आणि लक्ष देऊन व्हावा, यासाठीचे ते एक साधन आहे. पण फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, आणि आला तरी रुग्णाला व्यायामाचा कंटाळा येतो. ‘फिजिओथेरपीइतकाच परिणाम’ हा निष्कर्ष या परिस्थितीत निराशेचा नाही, बराच आशेचा आहे. उपनगरांसाठी तर तो विशेष महत्त्वाचा आहे.

मुंबईतली मोठी, जुनी सार्वजनिक रुग्णालये, म्हणजे केईएम, नायर, जेजे आणि शीव, शहर भागात आहेत. बोरिवलीच्या रुग्णाला परळला जायचे, तर रिक्षा, लोकल, पूल, पुन्हा पूल. सोबतीला मुलगा किंवा सून हवी. तिचा कामाचा दिवस बुडतो. तपासणीसाठी दोन-तीन महिन्यांतून हे जमते. आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी कसे जमणार? शिवाय ज्याचे पाय फाटकाशी थिजतात, त्याने पुनर्वसनासाठी लोकलच्या गर्दीतून जावे, ही अपेक्षाच उलटी आहे. घरचा व्यायाम म्हणावा, तर वन रूम किचनमध्ये पलंग, कपाट आणि टेबल यांच्यामधली वाट ही कंपवाताच्या पायांसाठी दुसरे फाटकच. म्हणजे गरज घराजवळच्या, मोकळ्या, देखरेखीखालच्या जागेची आहे.

अशी जागा माणसे कशी उभी करतात, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेली ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ रुग्ण आणि कुटुंबीयांचे आधारगट चालवते. तिथे व्यायामही एकत्र होतो. पुण्यात ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ आहे. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले. नृत्यात ठेका असतो, पाहायला समोर माणूस असतो, आणि सोबत असते. व्हिडिओ गेममध्ये पहिल्या दोन गोष्टी यंत्र पुरवते. तिसरी यंत्राला जमत नाही. एकाच खोलीत पाच रुग्ण, एकाचा खेळ चाललेला, चौघे टाळ्या वाजवत आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले, हे चित्र एकट्याने बंद दाराआड खेळण्यापेक्षा केव्हाही चांगले.

ही साधने आणण्याआधी त्यांचे दोषही ओळखावे लागतील. बाजारातले खेळ तरुणांच्या वेगाचे असतात. चेंडू हुकला की यंत्र निराशेचा आवाज काढते, कधी खेळाडूचे शरीर जाड किंवा म्हातारे असल्याची टिप्पणी करते. आधीच खचलेल्या माणसाला हे नको. ब्राझीलच्याच आणखी एका अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांना दहापैकी सात खेळ निरोगी ज्येष्ठांसारखेच शिकता आले. झटपट निर्णय मागणाऱ्या तीन खेळांत मात्र सराव करूनही त्यांची प्रगती झाली नाही. म्हणजे खेळ निवडणे हे गोळी निवडण्यासारखेच काम आहे, आणि ते प्रशिक्षित माणसाने करायचे आहे. दुसरा दोष यंत्रांच्या आयुष्याचा. ‘वी’चे उत्पादन केव्हाच थांबले; ‘किनेक्ट’चे २०१७ मध्ये थांबले. एका कंपनीच्या यंत्रावर सार्वजनिक योजना उभी केली, तर काही वर्षांत ती कपाटात धूळ खात पडते. आता साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही शरीराच्या हालचाली ओळखता येतात. त्यामुळे मराठीत बोलणारे, सावकाश चालणारे, चुकीवर न हसणारे खेळ इथल्या अभियांत्रिकी आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांनी मिळून तयार करणे आवाक्यातले आहे.

सुरक्षेचे नियम साधे आहेत, पण ते पाळलेच पाहिजेत. खेळाआधी डॉक्टरांनी हृदय, रक्तदाब आणि हाडांची स्थिती पाहावी. कंपवातात उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो. चक्कर येत असेल, तर खेळ बसून खेळावा. खेळाची वेळ गोळीचा असर असतानाची असावी, असर उतरल्यावरची नको. फळीवर चढताना आणि उतरताना तोल जाण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा बाजूला माणूस हवा. मागे भक्कम खुर्ची, समोर धरायला आधार, पायांत पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. पायपुसणी आणि सतरंजी उचललेली, फरशी कोरडी. वारंवार पडणाऱ्या, मागे कोलमडणाऱ्या किंवा भास होणाऱ्या रुग्णाने घरी एकट्याने खेळूच नये. आणि पाय थिजले, तर कुणीही ओढू नये. थांबावे, श्वास घ्यावा, भार एका पायावरून दुसऱ्यावर डोलवावा, ‘एक, दोन’ म्हणत किंवा जमिनीवरची एखादी रेघ ओलांडायची आहे असे ठरवून पाऊल उचलावे.

आणखी एक सावधगिरी घरच्यांनी लक्षात ठेवायची आहे. कंपवाताच्या काही गोळ्यांमुळे, विशेषतः प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गटातल्या गोळ्यांमुळे, काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा किंवा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याचा अनावर नाद लागू शकतो. हा औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. माणूस बिघडल्याची ती खूण नाही. सोफ्यावर बसून मोबाइलवर पैसे लावून खेळायचे खेळ आणि उभे राहून घाम गाळायचे खेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बँकेच्या खात्यातून न सांगता पैसे जाऊ लागले, तर भांडण करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

मग उपनगरांत करायचे काय? यंत्रांची खरेदी सर्वांत शेवटी यावी. आधी माणूस. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती अशी महापालिकेची रुग्णालये उपनगरांत आहेत. त्यांच्या परिसरातले ज्येष्ठ नागरिक संघ, समाजमंदिरे आणि शाळांचे दुपारी रिकामे असणारे हॉल वापरून आठवड्यातून दोन दुपारी कंपवाताचा वर्ग सुरू करता येईल. एक फिजिओथेरपिस्ट, मदतीला फिजिओथेरपीचे दोन विद्यार्थी, दहा-बारा रुग्ण आणि एक टीव्ही. खेळ हा वर्गाचा एक भाग. बाकी वेळ चालणे, वळणे, खुर्चीवरून उठणे-बसणे आणि आवाजाचे व्यायाम. घरच्यांसाठी वेगळे अर्धा तास, कारण रात्री कूस बदलायला मदत करणाऱ्या बायकोलाही कुणाशी तरी बोलायचे असते.

वर्गाचा उपयोग होतो की नाही, हे मोजायला महागडी उपकरणे लागत नाहीत. खुर्चीवरून उठणे, तीन मीटर चालणे, वळून परत येऊन बसणे, याला लागणारी सेकंदे दर महिन्याला घड्याळ लावून नोंदवावीत. घरच्या कॅलेंडरवर पडलेल्या दिवशी लाल फुली मारावी. सहा महिन्यांनी फुल्या कमी झाल्या, तर वर्ग चालू ठेवावा; नाही झाल्या, तर बदलावा. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या कामाला एवढा हिशेब हवाच. गुळगुळीत पत्रकातल्या छायाचित्रांवरून निर्णय झाले, की यंत्रे येतात आणि रुग्ण येत नाहीत.

आणि जिथे टीव्हीही नसेल, तिथे काय? खेळाचे तत्त्व यंत्रात अडकलेले नाही. फरशीवर खडूने पाऊलभर अंतरावर रेघा आखल्या, तर त्या पायऱ्यांचे काम करतात. ठिक्करीच्या चौकटी आखून, उड्या न मारता, नुसते एकेका घरात पाऊल टाकत जायचे आणि प्रत्येक घराला एका भाजीचे नाव घ्यायचे, हा पडद्याविनाचा व्हिडिओ गेमच आहे. टाळाच्या ठेक्यावर पावले टाकली की चाल सुधारते, कारण कान हीसुद्धा मेंदूची एक खूण आहे. भजनी मंडळाला हे वेगळे शिकवावे लागणार नाही. फक्त एवढे लक्षात घ्यावे लागेल की, टाळ वाजवणाऱ्याने एका रुग्णाकडे पाहत वेग ठरवायचा आहे.

कंपवाताचे निदान झाल्यावर माणूस बरीच वर्षे जगतो. ती वर्षे खिडकीजवळच्या खुर्चीत जायची की बाजारात, नातवाच्या शाळेत, नाट्यगृहाच्या तिसऱ्या रांगेत, हे बऱ्याच अंशी त्याच्या तोलावर ठरते. गोळ्यांची जबाबदारी सरकारी रुग्णालये आज घेतात. व्यायामाची जबाबदारी केसपेपरवरच्या एका ओळीवर आणि घरच्यांच्या चिकाटीवर सोडलेली आहे. ती ओळ पुरी लिहिली जायला हवी: कोणता व्यायाम, किती वेळा, कुठे, कुणासोबत. त्या ‘कुठे’ला घरापासून चालत जाता येईल असे एक उत्तर उपनगरातल्या प्रत्येक रुग्णाला मिळाले पाहिजे.

तोवर एक गोष्ट कुणालाही करता येईल. घाटकोपरच्या फाटकाशी, बोरिवलीच्या पुलावर किंवा मुलुंडच्या एखाद्या सोसायटीच्या लिफ्टसमोर कुणी असे खिळलेले दिसले, तर मागून ढकलू नये आणि हात धरून ओढू नये. बाजूला उभे राहावे, आपला पाय त्यांच्या पावलासमोर आडवा ठेवावा आणि शांतपणे म्हणावे, ‘काका, हा पाय ओलांडा.’ बहुतेक वेळा ते ओलांडतात.